किशोरवयीनांच्या नैराश्यासाठी ऑनलाइन माइंडफुलनेस कार्यक्रम कसा पारखावा

नैराश्य असलेल्या किशोरवयीन मुलामुलींसाठी माइंडफुलनेस, म्हणजे चालू क्षणाकडे सजगपणे लक्ष देण्याचा सराव, शिकवणारे ऑनलाइन कार्यक्रम आता इतके झाले आहेत की, कार्यक्रम मिळणे अवघड राहिलेले नाही; मिळालेल्यांतून निवडणे अवघड झाले आहे. काही ठिकाणी आठ आठवड्यांचे थेट वर्ग असतात, काही ठिकाणी आधी ध्वनिमुद्रित केलेले धडे असतात, तर काही निव्वळ ॲप असतात, ज्यांत दहा मिनिटांचे ध्यान, झोपेसाठीच्या गोष्टी आणि पावसाचा आवाज एकाच पानावर मांडलेले असतात. (पावसाच्या आवाजाला माझा विरोध नाही. त्याने झोप लागत असेल तर उत्तमच, पण तो नैराश्यावरचा उपचार नव्हे.) यांपैकी बहुतेकांवर ‘संशोधनाने सिद्ध’ असा शिक्का असतो. तो खोटा असतोच असे नाही. मात्र ते संशोधन कोणावर झाले, हे सहसा सांगितलेले नसते. पालक, शिक्षक किंवा समुपदेशक म्हणून शोध घेताना आपला सर्वांत जास्त वेळ याच प्रश्नावर खर्च व्हावा, असे माझे मत आहे.

आधी मुलाची स्थिती

शोध सुरू करण्यापूर्वी मुलाची आजची अवस्था नेमक्या शब्दांत लिहून काढावी. निदान मनोविकारतज्ज्ञाने किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञाने केले आहे, की तो घरच्यांचा अंदाज आहे? त्रास सौम्य आहे, मध्यम आहे की तीव्र? औषधे किंवा समुपदेशन चालू आहे का? की मूल सावरले आहे आणि त्रास पुन्हा उलटेल अशी धास्ती आहे? या उत्तरांप्रमाणे शोधाची दिशा बदलते. किशोरवयात नैराश्य नेहमी उदासीच्या रूपात दिसत नाही. सततची चिडचिड, मित्रांपासून तुटणे, झोपेचे तंत्र बिघडणे आणि आवडत्या गोष्टींतला रस आटणे ही लक्षणे दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ टिकली, तर ‘वयच तसे आहे’ म्हणून एखाद्या ध्यानाच्या ॲपवर भागवू नये. आधी तपासणी करून घ्यावी.

अनेक कार्यक्रम नावनोंदणीच्या वेळी पीएचक्यू-९ सारखी नैराश्याची लक्षणे मोजणारी प्रश्नावली भरून घेतात. तिच्यात नऊ प्रश्न असतात, एकूण गुण ० ते २७ असतात आणि १० किंवा त्याहून अधिक गुण आल्यास सविस्तर तपासणीची गरज आहे असे मानले जाते. एकूण गुणांपेक्षाही नवव्या प्रश्नाकडे लक्ष द्यावे, कारण तो मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी असतो. त्याचे उत्तर ‘अजिबात नाही’ याखेरीज दुसरे काहीही असेल, तर कार्यक्रमाचा शोध तिथेच थांबवून त्याच दिवशी तज्ज्ञाशी किंवा आपत्कालीन सेवेशी संपर्क साधावा. मुलाला असे थेट विचारायला पालक कचरतात, कारण विचारल्याने तो विचार डोक्यात शिरेल अशी त्यांना भीती वाटते. ही भीती निराधार आहे. शांतपणे विचारल्याने धोका वाढत नाही. उलट मुलाला बोलायला वाट मिळते.

सौम्य नैराश्य असेल आणि अजून कोणताच उपचार सुरू झाला नसेल, तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ब्रिटनमधील नाइस या उपचारांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत मुलांच्या आणि किशोरवयीनांच्या सौम्य नैराश्यासाठी पहिल्या पर्यायांमध्ये डिजिटल सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन यांवर काम करणारी मानसोपचार पद्धती ऑनलाइन स्वरूपात, आणि तिचे गटवर्ग यांचा समावेश आहे. मध्यम ते तीव्र नैराश्यात १२ ते १८ वयोगटासाठी तज्ज्ञाबरोबरच्या वैयक्तिक सीबीटीचा विचार आधी करावा, असे त्या सूचना सांगतात. त्यामुळे ‘ऑनलाइन काहीतरी हवे’ एवढीच गरज असेल, तर शोध माइंडफुलनेसपुरता मर्यादित ठेवण्याचे कारण नाही. डिजिटल सीबीटीचे कार्यक्रमही त्याच यादीत घ्यावेत. माइंडफुलनेसची जागा माझ्या दृष्टीने चालू उपचारांच्या जोडीला आहे, त्यांच्या बदल्यात नाही.

संशोधन कोणावर झाले?

आज दिसणाऱ्या बहुतेक कार्यक्रमांचे मूळ दोन पद्धतींत सापडते. पहिली एमबीएसआर (माइंडफुलनेसने ताण कमी करण्याची पद्धत) ही जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केली. तिथे येणारे रुग्ण जुनाट दुखण्यांनी आणि ताणाने त्रासलेले प्रौढ होते. दुसरी एमबीसीटी (माइंडफुलनेस आणि सीबीटी यांची सांगड घालणारी पद्धत) ही झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल यांनी नैराश्य पुन्हा उलटू नये यासाठी घडवली. तिच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या मोठ्या चाचणीत सहभागी झालेले लोक प्रौढ होते, चाचणीच्या वेळी सावरलेले होते, आणि फायदा दिसला तो ज्यांना पूर्वी तीन किंवा अधिक वेळा नैराश्य येऊन गेले होते त्यांना. आता ही अट पंधरा वर्षांच्या, पहिल्यांदाच नैराश्यात सापडलेल्या आणि आजही त्यातच असलेल्या मुलीशी ताडून पाहिली, तर वय, आजाराची अवस्था आणि पूर्वेतिहास या तिन्ही बाबतीत फरक निघतो. एमबीसीटीचा आधार सांगणारी जाहिरात खोटे बोलत नसते, पण ती आपल्या मुलीबद्दलही काही सांगत नसते.

‘औषधाइतकेच परिणामकारक’ हा दावा याच प्रकारचा आहे. त्याच्या मुळाशी अनेकदा २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेली प्रिव्हेंट ही चाचणी असते. तिच्यात ४२४ प्रौढ होते. एका गटाने औषधे चालू ठेवली आणि दुसऱ्या गटाने एमबीसीटीच्या वर्गांबरोबर वैद्यकीय देखरेखीखाली औषधे हळूहळू कमी केली किंवा बंद केली. दोन वर्षांत दोन्ही गटांत नैराश्य उलटण्याच्या प्रमाणात ठोस फरक आढळला नाही. अभ्यास चांगला आहे, परंतु त्याच्या बळावर एखाद्या ॲपने किशोरवयीनाच्या गोळ्या बंद करण्याचे नुसते सूचित जरी केले, तरी ते नाव यादीतून तत्काळ काटावे. औषध कमी करण्याचा निर्णय ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांचाच असतो.

किशोरवयीनांवर झालेले काम कमी असले, तरी ते आहे. जीना बीगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत मानसोपचारासाठी बाह्यरुग्ण विभागात येणारी १४ ते १८ वर्षांची १०२ मुले होती. एमबीएसआर घेतलेल्या मुलांनी चिंता आणि नैराश्याची लक्षणे कमी झाल्याचे नोंदवले. इथे नजरेतून सुटू नये अशी बाब ही की त्यांचे नेहमीचे उपचार चालूच होते आणि वर्ग प्रत्यक्ष भेटून घेतलेले होते. मुलांवरील ३३ नियंत्रित चाचण्या एकत्र करून २०१९ मध्ये केलेल्या विश्लेषणात ३,६६६ मुलांची माहिती होती. तुलना गटालाही दुसरा एखादा उपक्रम दिलेल्या चाचण्यांपुरते पाहिले, तरी नैराश्य आणि ताण यांवर फायदा दिसला, पण त्याचा आकार नैराश्यावर जेमतेम मध्यम आणि ताणावर लहान होता.

त्यानंतर २०२२ मध्ये मिरियड या ब्रिटिश प्रकल्पाचे निष्कर्ष आले आणि उत्साहाला लगाम बसला. ८५ शाळांतील ११ ते १४ वयोगटाच्या आठ हजारांहून अधिक मुलांवर झालेल्या या चाचणीत वर्गात शिकवलेले माइंडफुलनेस हे शाळेच्या नेहमीच्या भावनिक-सामाजिक शिक्षणापेक्षा सरस ठरले नाही. बहुतेक मुलांनी घरी सरावच केला नाही, आणि आधीपासून मानसिक त्रासाचा धोका असलेल्या मुलांत काही बाबतींत निकाल किंचित वाईट असल्याचे संकेत मिळाले. या चाचणीवरून माइंडफुलनेस निरुपयोगी आहे असे म्हणणे चुकीचे ठरेल, कारण ती नैराश्याच्या रुग्णांवरची नव्हतीच. ती वर्गातल्या सरसकट सर्व मुलांवरची होती. मात्र ‘कोणत्याही मुलाला याचा फायदाच होतो, तोटा तर काही नाहीच’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्या पानासमोर ती जरूर ठेवावी.

स्वतः शोध कसा घ्यावा

बहुतांश शोधनिबंध इंग्रजीत असल्याने शोधही त्याच भाषेत घ्यावा लागतो. पबमेड किंवा गूगल स्कॉलर या शोधनिबंध शोधण्याच्या संकेतस्थळांवर ‘माइंडफुलनेस’, ‘ॲडोलसंट’, ‘डिप्रेशन’ आणि ‘रँडमाइज्ड’ हे चार शब्द इंग्रजी लिपीत टाइप करावेत आणि दुसऱ्या फेरीत त्यांना ‘ऑनलाइन’ किंवा ‘डिजिटल’ जोडावे. दोन्ही फेऱ्यांतील निकालांच्या संख्येतला फरक पाहिला, तरी प्रत्यक्ष वर्गांवरील संशोधन ऑनलाइन कार्यक्रमांच्या नावावर किती सहज खपवले जाते, याचा अंदाज येतो. पबमेडमध्ये निकाल गाळण्याची सोय असते. ‘सिस्टिमॅटिक रिव्ह्यू’ हा पर्याय निवडून आधी आढावा घेणारे लेख वाचावेत, मग एकेका चाचणीकडे वळावे. कॉक्रेन या उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यांना सामान्य वाचकांसाठी लिहिलेला सोपा सारांश जोडलेला असतो. त्यानंतर कार्यक्रमाचे नाव आणि ‘ट्रायल’ हा शब्द एकत्र शोधावा. क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह या नोंदवहीत चाचणीची नोंद सापडली, ती संपून काही वर्षे लोटली आणि निकाल मात्र कुठेच प्रसिद्ध झाला नसेल, तर ते मौनही माहितीच देते.

निबंध संपूर्ण वाचण्याची गरज नसते. गोषवारा सावकाश वाचला तरी पुष्कळ कळते. सहभागी मुलांचे वय पाहावे, त्यांना निदान झालेले नैराश्य होते की नुसता ताण, हे पाहावे आणि कार्यक्रम ऑनलाइन होता का, तेही पाहावे. मग तुलना गट शोधावा, कारण बहुतेक दावे याच ठिकाणी कोसळतात. नैराश्य चढते-उतरते असते आणि मुले कार्यक्रमात येतात ती सहसा त्रास अगदी शिगेला पोहोचल्यावर. आठ आठवड्यांनी पुन्हा मोजले, तर त्यांतील बरीच मुले काहीही न करता थोडी सावरलेली असतात. म्हणूनच ‘आधी गुण इतके, नंतर इतके’ एवढेच सांगणारा अभ्यास कार्यक्रमाचा गुण सिद्ध करू शकत नाही. प्रतीक्षा यादीतील मुलांशी तुलना केली असेल तर ते बरे. तितकाच वेळ आणि तितकेच लक्ष मिळालेल्या दुसऱ्या गटाशी केली असेल तर अधिक चांगले. कार्यक्रम संपल्यावर तीन-सहा महिन्यांनी पुन्हा मोजमाप झाले का आणि पैसा कोणी पुरवला, हे दोन प्रश्न शेवटी विचारावेत. कंपनीने स्वतःच्या उत्पादनाचा अभ्यास केला म्हणून तो आपोआप बाद होत नाही, पण दुसऱ्या कोणी केलेला अभ्यास सापडला तर त्याला जास्त वजन द्यावे.

किती मुलांनी कार्यक्रम मध्येच सोडला, हा आकडा ॲपच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा असतो. मानसिक आरोग्याच्या ९३ ॲपचा वापर तपासणाऱ्या २०१९ च्या एका अभ्यासात, ॲप घेतल्यानंतर तिसाव्या दिवशी ते उघडणाऱ्यांचे मध्यक प्रमाण ३.३ टक्के इतकेच होते. म्हणून ‘कार्यक्रम पूर्ण करणाऱ्यांना लाभ झाला’ हे वाक्य दिसले की पूर्ण करणारे कितीजण होते, हे शोधावे. नैराश्यात उत्साह आणि चिकाटी हीच तर आधी आटते. ज्या मुलाला सकाळी अंथरुणातून उठणे जड जाते, तो रोज स्वतःहून चाळीस मिनिटे ध्यानाला बसेल, असे गृहीत धरणारा कार्यक्रम कागदावर कितीही चांगला असो, त्याच्या कामाचा नाही.

कार्यक्रम आतून पाहताना

पुराव्यांच्या चाळणीतून दोन-तीन नावे शिल्लक राहिली की पहिले सत्र पालकाने स्वतः हेडफोन लावून, हातात घड्याळ घेऊन पूर्ण ऐकावे. जाहिरातीतली चित्रफीत पाहून हे काम होत नाही. आवाज किती गोड आहे याकडे लक्ष न देता शांततेच्या जागा मोजाव्यात. समजा, ‘डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या, विचार येतील ते येऊ द्या’ असे सांगून पुढची तीन मिनिटे काहीच बोलले जात नाही. ज्याचे मन स्थिर आहे त्याला ती तीन मिनिटे विसाव्याची वाटतील. पण ज्याच्या डोक्यात ‘मी कोणाच्या कामाचा नाही’ हे एकच वाक्य दिवसभर फिरते आहे, त्याला त्या वाक्याबरोबर तीन मिनिटे एकटे सोडल्यासारखे होते. विचारांचे असे चर्वण हा नैराश्याचा गाभाच असल्यामुळे किशोरवयीनांसाठी जाणतेपणाने बनवलेल्या सत्रात सूचना वारंवार येतात, सराव तीन ते दहा मिनिटांचे असतात, डोळे उघडे ठेवण्याची मुभा असते आणि श्वासाऐवजी तळव्यांना होणारा जमिनीचा स्पर्श, भोवतालचे आवाज किंवा चालणे यांवर लक्ष ठेवण्याचा पर्यायही असतो. मारहाण, अत्याचार किंवा अपघात अनुभवलेल्या मुलांच्या बाबतीत हे पर्याय अत्यावश्यक ठरतात. संपूर्ण शरीरावरून लक्ष फिरवण्याचा सराव त्यांना नको त्या आठवणींत नेऊ शकतो. ध्यानामुळे काहींची चिंता वाढते, झोप उडते किंवा आपण स्वतःपासूनच तुटल्यासारखे वाटते, याच्या नोंदी संशोधनात आहेत. कार्यक्रमाच्या माहितीत याचा एका ओळीनेही उल्लेख नसेल, तर बनवणाऱ्यांनी त्याचा विचार केलेला नाही, असे समजायला हरकत नाही.

थेट वर्ग असेल तर शिकवणाऱ्याविषयी विचारावे. माइंडफुलनेस शिकवण्याचे प्रशिक्षण आणि किशोरवयीनांच्या मानसिक आजारांचा अनुभव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि इथे दोन्ही लागतात. ब्रिटनमधील बँगर, एक्सेटर आणि ऑक्सफर्ड विद्यापीठांनी मिळून शिकवणाऱ्यांचे मूल्यमापन करण्यासाठी एमबीआय-टॅक नावाचे निकष तयार केले आहेत. त्यांच्याशी परिचय आहे का, असे विचारले तरी समोरच्याची तयारी कळते. किशोरवयीनांसाठीच रचलेले अभ्यासक्रमही आहेत. पॅट्रिशिया ब्रॉडरिक यांचा ‘लर्निंग टू ब्रीद’ हा त्यांतला एक. ऑस्ट्रेलियातील स्मायलिंग माइंड ही ना-नफा संस्था मुलांसाठी वयोगटानुसार सराव देते. मात्र तो सर्वसाधारण मुलांसाठीचा सराव आहे, नैराश्यावरचा उपचार म्हणून त्याकडे पाहू नये.

नावनोंदणीपूर्वी संस्थेला एक ईमेल पाठवावा आणि त्यात थेट विचारावे: ‘सत्र चालू असताना एखाद्या मुलाने स्वतःला इजा करण्याचा विचार बोलून दाखवला, तर तुम्ही नेमके काय करता, आणि पालकांना किती वेळात कळवता?’ ज्यांच्याकडे व्यवस्था असते त्यांचे उत्तर ठोस येते. त्यात जबाबदार व्यक्ती कोण, आपत्कालीन संपर्क आधी घेतला जातो का, वर्गात दुसरा सहायक हजर असतो का, हे असते. ‘आमचे वातावरण अत्यंत सुरक्षित आणि प्रेमळ आहे’ एवढेच उत्तर आले, तर व्यवस्था नाही.

माहिती कुठे जाते

मूल अशा ॲपमध्ये आपली मनःस्थिती, झोप आणि कधी कधी अगदी खाजगी नोंदीही लिहिते. मोझिला फाउंडेशनने २०२२ मध्ये मानसिक आरोग्य आणि प्रार्थनेच्या ३२ ॲपची गोपनीयता तपासली, तेव्हा त्यांतील २८ ॲपना इशाऱ्याचा शिक्का मिळाला. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये बेटरहेल्प या ऑनलाइन समुपदेशन कंपनीला, वापरकर्त्यांची माहिती जाहिरातींसाठी फेसबुक आणि स्नॅपचॅटसारख्या कंपन्यांना दिल्याच्या आरोपावरून ७८ लाख डॉलर भरायला लावले. कायद्याचे कवचही किशोरवयीनांना पुरतेच असे नाही. मुलांच्या ऑनलाइन गोपनीयतेसाठीचा अमेरिकेचा कोपा कायदा तेरा वर्षांखालील मुलांपुरता आहे. त्यामुळे प्रायव्हसी पॉलिसी उघडून त्यात ‘ॲडव्हर्टायझिंग’, ‘थर्ड पार्टी’ आणि ‘डिलीट’ हे शब्द शोधावेत आणि त्यांच्या भोवतीची वाक्ये तरी वाचावीतच. खरे नाव आणि शाळेचे नाव न देता कार्यक्रम चालत असेल, तर ते देऊ नये.

मुलाला सोबत घेऊन

शेवटच्या दोन पर्यायांतली निवड मुलावर सोपवावी. पालकांनी ठरवलेले ध्यान ही मुलाच्या दृष्टीने आणखी एक शिकवणी होते, आणि ती जमली नाही की ‘मला हेही जमत नाही’ ही भर पडते, जी नैराश्यात परवडणारी नाही. दोन्हींची पहिली सत्रे ऐकून मुलाने ‘कंटाळवाणे आहे’ असे सांगितले, तर ते मत पुराव्याइतकेच गांभीर्याने घ्यावे. निवड झाली की उपचार करणाऱ्या तज्ज्ञाला कार्यक्रमाचे नाव, कालावधी आणि सरावांचे स्वरूप कळवून त्यांची संमती घ्यावी.

सुरू करण्याआधी मोजता येतील अशा दोन-तीन गोष्टी मुलाशी बोलून ठरवाव्यात: आठवड्यात शाळेत किती दिवस गेलो, रात्री किती वाजता झोप लागली, मित्राशी किती वेळा बोललो. ‘बरे वाटते का?’ या रोजच्या प्रश्नाने मूल वैतागते आणि उत्तरातून हाती काही लागतही नाही. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा या नोंदी करणे सोपे जाते, आणि तज्ज्ञाच्या पुढच्या भेटीत त्या उपयोगीही पडतात. दोन-तीन आठवड्यांनी थांबून पाहावे. सराव कंटाळवाणा वाटणे किंवा अधूनमधून चुकणे चालण्यासारखे आहे. मात्र सरावानंतर मूल अधिक गप्प होत असेल, झोप बिघडत असेल, भीतीचे झटके येत असतील किंवा मरणाची भाषा येऊ लागली असेल, तर ‘आधी असे होतेच, टिकून राहा’ हा सल्ला मानू नये, मग तो प्रशिक्षकाने दिलेला का असेना. सराव थांबवून तज्ज्ञांना लगेच कळवावे. थांबवल्याचा दोष मुलाकडे जाणार नाही असे बोलावे. पद्धत जुळली नाही, एवढेच म्हणावे.

कार्यक्रम सोडताना फोनमधून ॲप काढून टाकणे पुरेसे नसते. आधी सबस्क्रिप्शन रद्द करावे, मग खाते आणि त्यातील नोंदी पुसण्याची विनंती लेखी पाठवावी आणि तसे केल्याचे उत्तर येईपर्यंत तो ईमेल जपून ठेवावा.